भुंकण्याआधीचा घास

१४ फेब्रुवारी १९४५, बुधवार

आज सिंगल्याने भिवाजीला धरला! पोटरीला. चार दात उमटले.

भिवाजी लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन आमच्या वईच्या, कुंपणाच्या कडेने चालला होता. रोजचीच वाट. मी ओटीवर बसलो होतो, दोरी माझ्याच हातात होती. पण हात म्हातारा. एका हिसक्यात सुटली. भारा खाली, भिवाजी खाली, कुत्रा वर. मी ओरडतोय, ऐकतो कोण!

जखम धुतली, हळद भरली. भिवाजी चिडला नाही, तेच वाईट. नुसता म्हणाला, "गेटवालं, ह्या जनावराचं आता काय तरी करा. पुढच्या टायमाला माझी पोटरी नसंल, एखाद्या पोराचा गळा असंल."

जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सखा कर्जतच्या लोकोशेडातून आला तो वाटेत ऐकूनच आला. पायातल्या वहाणाही काढल्या नाहीत. माझा एकुलता मुलगा, एरवी आवाज चढवत नाही.

"बाबा, इंदू पंचवीस मार्चला पोराला घेऊन येते. त्या दिवशी हा कुत्रा हितं दिसता कामा नाय."

"कुठं धाडू रं त्याला?"

"धाडायचं नाय. भिवाजीला सांगून ठेवलंय."

भिवाजीकडे ठासणीची बंदूक आहे. अख्ख्या दहिवलीत एकच. शेतात डुकरं शिरली की त्यालाच बोलावतात.

सखाचं चुकतं असं मी म्हणणार नाही. सून पहिल्या बाळंतपणाला खोपोलीला माहेरी गेली, ती आता पाच महिन्यांचं बाळ घेऊन येणार. दुपट्यात गुंडाळून, छातीशी धरून. आणि सिंगल्याला ओझं घेतलेलं माणूस दिसलं की त्याच्या डोळ्यांत रक्त उतरतं.

हे मीच केलं. कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो.

शेलूच्या बाजूला मी तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होतो. गाडी यायची झाली, फाटक लावलं, की बाजारकरी डोक्यावर पाट्या घेऊन खालून घुसायचे. एकदा एक बाई इंजिनाखाली जाता जाता वाचली. हा तेव्हा चौकीत जन्मलेला, वर्षाचा कुत्रा. नावही मी तिथलंच ठेवलं, सिग्नलवरून. मी त्याला ओझेवाल्यांवर सोडायला लागलो. छू म्हटलं की धावायचं. माणूस मागे सरला की मी पाठ थोपटायची. माझ्या फाटकावर कुणी मेलं नाही, वरच्या साहेबाने शाबासकी दिली!

दोन वर्षांपूर्वी नोकरी संपली. आता संपलं, असं कुत्र्याला कुणी सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मारला. लिहायलाही लाज वाटते.

शेजारच्या बायजा वहिनी वईवरून म्हणाल्या, "भावजी, दोन रट्टे घाला. रट्ट्यानं भूतसुद्धा सुधारतं." दावं घेतलं. वाटेने ओझेवाला गेला, हा भुंकला, की एक. असे पाच-सहा झाले. शेवटी शेवटी तर माणूस दिसायच्या आधीच गुरगुरायला लागला.

संध्याकाळी भाकरी घेऊन गेलो. माझा हात वर झालेला बघून त्याने पोट जमिनीला लावलं आणि तिथेच मुतला.

त्याला काय कळलं? ओझं दिसलं की मार बसतो, एवढंच. मग तो ओझ्यावर जास्तच चिडणार, नाही तर काय करणार! मी मूर्ख आहे. तिसरी यत्ता शिकलेला, पासष्ट वर्षांचा मूर्ख.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज एक नवल पाहिलं.

मोतीबाई दर रविवारी सुकट विकायला येते. डोक्यावर ही मोठी पाटी. मी सिंगल्याला गोठ्यात बांधून बसलो होतो, कान झाकायच्या तयारीने. ती अंगणात आली, पाटी उतरली, मापाने सुकट घातली — आणि हा भुंकला नाही! शेपटी हलवत होता.

"मोतीबाई, हा तुला कसा गं काय करत नाही?"

ती हसायला लागली. "दिवाळीपासनं लाच देते मी त्याला, बाबा. आदी त्या चिंचेपासनं फेकायची, लांबनं. मी दिसले की सुकट पडली. मी गेले की सुकट बंद. आता त्याला वाटतं पाटी आली म्हंजी सणच आला."

"माझ्या पाठीमागे?"

"मग काय तुमाला इचारून चावून घेऊ?"

ती गेल्यावर बोटांवर दिवस मोजले. पस्तीस दिवस आहेत.

१९ फेब्रुवारी, सोमवार

फसलं.

वाटेने गवतवाली गेली, हा भुंकला, मी सुकट टाकली. हुंगलीसुद्धा नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. घसा कोरडा पडला माझा 'घे रं, घे रं' करून.

दुपारी पडल्या पडल्या ध्यानात आलं. गाडी येऊन गेल्यावर फाटक लावतं का कुणी? घास भुंकण्याच्या आधी पडला पाहिजे. आधी म्हणजे कधी? तर माणूस दिसला, कान उभे झाले, आणि तोंड अजून मिटलेलं आहे, तेव्हा. एका श्वासाचं काम आहे. आणि माणूस लांब पाहिजे. जवळ आला की त्याला सुकटही दिसत नाही न् मीही दिसत नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

शेताच्या बांधावर नेऊन बसलो. तिथून कर्जतच्या बाजाराची वाट साठ पावलांवर आहे. मोजली.

पाटीवाली दिसली. कान उभे. घास! गिळला. परत बघतो. घास! ती गेली. घास बंद. मग दुसरी.

सकाळपासून अकरा माणसं गेली. आठ वेळा भुंकला नाही. आठ वेळा!

मी पूर्वी सिग्नलचा हात बघायचो, तसे आता त्याचे कान बघतो. डोळे दुखतात.

२५ फेब्रुवारी, रविवार

चाळीस पावलं.

सुकट पुरत नाही, म्हणून माझ्या ताटातली अर्धी भाकरी बाजूला काढून कमरेच्या फडक्यात ठेवतो. बारीक तुकडे करतो, नखाएवढे. आज बायजा वहिनींनी बघितलं. मग काय! अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं:

"बघा गं बायांनो! मी रेशनच्या रांगेत उनात मरते, आन् आमचे भावजी कुत्र्याला भाकर भरवतात! लगीनपण लावा त्याचं, मी करवली होते."

"माझ्या वाटची आहे, वहिनी."

"तुमच्या वाटची तुमच्या अंगाला लागू द्या की. वारा आला तर पुलापर्यंत उडून जाल."

सखाने ते ऐकलं. जेवताना माझ्या ताटाकडे बघत राहिला. म्हणाला, "बाबा, दीड महिना नाय, दीड वर्ष घेतलं तरी तो सुधारायचा नाय. त्याच्यापायी तुमी मराल." आणि स्वतःच्या ताटातली चतकोर माझ्या ताटात टाकली. तीही मी अर्धी ठेवली. काय करू?

घरात खाणाऱ्यांना पुरत नाही आणि मी हे करतो आहे. पाप आहे. पण थांबलो तर ते काय आहे?

२८ फेब्रुवारी, बुधवार

पस्तीसवर नेला. भुंकला. परत पन्नासवर.

४ मार्च, रविवार

मोतीबाईला आज सगळं सांगितलं. इंदू, बाळ, बंदूक. फाटकाचंही सांगितलं. ती सरळ आमच्या चुलीपाशी गेली आणि वरवंटा घेऊन आली.

"बारशाला पाळण्यात हाच घालत्यात ना पयला? मग घ्या, झाला तुमचा नातू."

इंदूचं एक जुनं लुगडं होतं, त्यात गुंडाळला. डोक्याच्या जागी माझी कानटोपी. छातीशी धरून चिंचेपासून चालत यायला लागली, आणि वर अंगाई! मी हसलो. किती दिवसांनी हसलो.

सिंगल्याला ओळखीची मोतीबाई दिसत होती, पण हातात ते बोचकं. अंगावरचे केस उभे. घास. घास. तीस पावलांवर थांबायला सांगितलं. तिने थांबून वरवंट्याला झोके दिले. हा बसला! खाली बसला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"बगा," मोतीबाई लांबून ओरडली, "शेट बसलं! आता लेकराला घेऊन उबी कुठवर राहू? वरवंटा लई जड झालाय तुमचा!"

एकवीस दिवस आहेत. होईल असं आज पहिल्यांदा वाटलं.

६ मार्च, मंगळवार

खोपोलीहून कार्ड आलं. इंदूच्या भावाला येत्या रविवारीच सुट्टी आहे, तोच पोचवायला येणार. पंचवीस नाही. अकरा मार्च!

पाच दिवस! कसं व्हायचं! सखाला म्हणालो, त्यांना कळव, पुढे ढकला. तो म्हणाला, "कशापायी म्हणून कळवू? कुत्र्याची शिकवणी चालू हाय म्हणून?"

कार्ड चार वेळा वाचलं. तारीख तीच.

७ मार्च, बुधवार

अक्षर वाकडं येतं. उजव्या हाताला फडकं आहे.

घाई केली. रोज दोन-दोन पावलं करत बसलो तर रविवार उजाडेल, म्हणून त्याला सरळ कर्जतच्या पुलावर घेऊन गेलो. बाजाराचा दिवस. पुढून पाट्या, मागून भारे, मध्ये बैलगाड्या. मी घास पुढे करतोय, तो बघतच नाही. दोरीला हिसके, तोंडाला फेस. एका म्हातारीची गवार सांडली. मी त्याला मागे ओढायला मानेला धरलं आणि त्याने वळून मला धरलं.

मला!

धरल्यावर त्याला कळलं. तोंड लगेच सोडलं, आणि माझ्या पायांत येऊन थरथरत राहिला. लोक म्हणत होते, पिसाळलाय, दगड घाला.

फाटकावर तीस वर्षं घाई करणाऱ्यांना शिव्या घातल्या मी. आणि मीच खालून घुसलो.

८ मार्च, गुरुवार

सखाला हात दाखवला नाही. गोठ्याच्या दाराच्या बिजागरीत सापडला म्हणालो. त्याने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला नसावा.

आज एक वाईट काम करायला निघालो होतो. कर्जतला मालगाड्या थांबतात, घाट चढायला मागून इंजिन लावतात. तिथले लोक अजून ओळखतात मला. एका रिकाम्या वाघिणीत, मालाच्या डब्यात, सिंगल्याला चढवला. घाटापलीकडे कुठेतरी उतरेल, जगेल, असं मनाला सांगितलं.

तो आत जाऊन बसला. शहाण्यासारखा. माझ्या कमरेच्या फडक्याकडे बघत.

पलीकडे उतरून हा पहिल्या पाटीवालीला धरील आणि दगडांनी मरेल. ते मला दिसणार नाही, एवढाच फरक.

उतरवला. घरी आलो. गुडघे इतके दुखले की वाटेत तीनदा बसलो.

९ मार्च, शुक्रवार

परत बांधावर. साठ पावलं. पहिल्यापासून.

१० मार्च, शनिवार

मोतीबाई आज मुद्दाम आली, बाजार सोडून. सकाळपासून वरवंटा घेऊन फेऱ्या मारल्या बिचारीने. चाळीस. तीस. पंचवीस. उन्हं कलताना वीस पावलांवरून गेली, तरी हा गप्प! बोचकं दिसलं की आता स्वतःच मान वळवून माझ्या हाताकडे बघतो. कुठाय माझा तुकडा?

सखा कामावरून येऊन वईपाशी उभा होता. त्याने बघितलं सगळं. म्हणाला, "उद्या दोरीत धरून गोठ्यापाशी उबे राहा. पण एकदा जरी गेला अंगावर, तर मग मला काय सांगू नका, बाबा."

"नाही सांगणार."

देवापुढे बसलो, पण काय मागायचं ते शब्दांत येईना.

११ मार्च, रविवार

लिहितो. जसं झालं तसंच.

इंदू आणि तिचा भाऊ दुपारच्या गाडीने आले. मी गोठ्यापाशी, दोरी मनगटाला दोन वेढे. वईतून इंदू आत आली. छातीशी पिवळं दुपटं. सिंगल्याचे कान उभे झाले. घास. तिने चार पावलं टाकली. घास. तो बसला. बसला! तोंडातून आवाज नाही. इंदूने लांबूनच मला बघून पदर सारखा केला आणि बाळाचं तोंड माझ्याकडे वळवलं. माझे डोळे भरले. हात जोडायला म्हणून मी मनगटाचे वेढे सोडले.

दारात बायजा वहिनी उभ्या होत्या. हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा. पहिलटकरीण बाळाला घेऊन आली की भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तसा त्यांनी दोघांवरून ओवाळला. आणि टाकला.

अंगणात. इंदूच्या मागे.

हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही! माझ्याच घरात, माझ्याच आईने, माझ्याच बायकोने ओवाळून टाकलेले तुकडे मी जन्मभर बघितले. आणि वीस दिवस मी त्याला काय शिकवलं? बाई बोचकं घेऊन आली की भाकरीचा तुकडा पडतो, तो तुझा.

तो झेपावला. दोरी माझ्या हातातून गेली. तुकड्याकडेच गेला तो, शपथ! पण दोरीचा फास इंदूच्या पायात बसला. ती गुडघ्यांवर पडली. बाळ हातातून निसटून उंबऱ्याला लागलं. कपाळावर टेंगूळ. एवढंसं पोर, असं रडलं की निळं पडलं.

सिंगल्याने तुकडा खाल्ला आणि त्या सगळ्या रडारडीत इंदूपुढे जाऊन बसला. शेपटी हलवत. दुसऱ्या तुकड्याची वाट बघत.

बायजा वहिनींनी कपाळ बडवलं. "ओवाळलेला तुकडा दारातच खाल्ला मेल्यानं! पीडा घरातच राहिली!"

सखा माझ्याकडे बघतही नव्हता. पायताण घालून भिवाजीकडे गेला.

१२ मार्च, सोमवार

बाळ दूध पितं, हसतं. टेंगूळ उतरलं आहे. देवाची कृपा.

इंदू ओटीआडून म्हणाली, "मामंजी, त्यानं दात नाय लावला. मी पाह्यलं." सखाने आतून ऐकलं. "आन् पोर चुलीवर पडलं असतं तर? तेव्हा दात मोजत बसली असतीस?"



भिवाजीचा निरोप आला. उद्या सकाळी.

कुठे घेऊन जाऊ? ह्या गुडघ्यांनी मी कर्जतच्या पुढे जात नाही. मोतीबाईला विचारलं असतं, पण तिचीच झोपडी दुसऱ्याच्या जागेत.

आज त्याला माझी पूर्ण भाकरी दिली. तुकडे न करता. त्याला खाता येईना. एकेक तुकड्याची सवय. भाकरी पुढे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

उद्या तरी भुंक रे. भिवाजी दिसला की चांगला अंगावर जा, पूर्वीसारखा. म्हणजे मला म्हणता येईल की दुसरा उपाय नव्हता.

१३ मार्च, मंगळवार

भिवाजी लंगडत आला, खांद्यावर बंदूक. सिंगल्या मोकळाच होता, मला बांधवलं नाही. तो उठला, सरळ भिवाजीकडे गेला, त्याच्यापुढे बसला आणि वर तोंड करून बघत राहिला.

भिवाजीने बंदूक खांद्यावरून काढली. मग सखाकडे बघून म्हणाला, "पळत्याला मारतो आमी. पुढ्यात येऊन बसल्यालं मारायला मी काय खाटीक हाय का रं?"

आतून इंदू बाळाला कडेवर घेऊन ओटीच्या कडेपर्यंत आली, तरी सखाने तिला मागे फिरवलं नाही.

भिवाजीने बंदूक वईला टेकवली. हात माझ्यापुढे केला.

"गेटवालं, ह्याला काय देता तुमी? आना हिकडं जरासं."